टोचणारा हात

तमिळ भाषेत ‘कुत्तु’ नावाचे एक लहानसे क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ टोचणे, खुपसणे. परंतु चेन्नईतल्या माणसाच्या आयुष्यात ते इतक्या निरनिराळ्या प्रसंगी येते की त्याच्या मागोमाग गेल्यास शरीरावर खूण करण्याच्या बहुतेक सगळ्या प्रथा एकाच धाग्यात ओवलेल्या सापडतात. तान्ह्या मुलाचे कान टोचण्याचा सोहळा म्हणजे ‘कादु कुत्तु’, बाईच्या नाकातली चमकी म्हणजे ‘मूक्कुत्ति’, गोंदणे म्हणजे ‘पच्चै कुत्तुदल’, शब्दशः हिरवे टोचणे, आणि मुरुगन देवाला बोललेला नवस फेडण्यासाठी गालातून वा जिभेतून इवलासा भाला आरपार नेणे म्हणजे ‘अलगु कुत्तुदल’. मराठीने कानासाठी टोचणे आणि कातडीसाठी गोंदणे अशी वाटणी केली. तमिळने सुई एकच मानली.

नुंगंबाक्कम, अण्णा नगर, टी. नगर या भागांत आज जे टॅटू स्टुडिओ दिसतात, त्यांच्याविषयी घराघरांतून होणारा वाद साधारणपणे ‘नवी पिढी आणि जुनी माणसे’ अशा दोन फळ्यांत मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे, कारण जुन्या मद्रासमध्ये कातडीवर किंवा कानानाकात कोणतीच खूण नसलेला माणूस हाच विरळा होता. मुलाच्या दंडावरचा टॅटू पाहून खंतावणाऱ्या आजीच्या स्वतःच्या हातावर अनेकदा हिरवा विंचू असतो, आणि कानाच्या पाळीला दोन-तीन भोके तर असतातच. तेव्हा शरीरावर खूण असावी की नसावी, या प्रश्नाला या शहरात फारसा अर्थ उरत नाही; सुई कोणाच्या हातात होती आणि ज्याला टोचले त्याला विचारले होते काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक खुणेला विचारता येतो आणि विचारला पाहिजे.

आरंभ कानापासून करणे योग्य. ‘कादु कुत्तु’ हा तमिळ घरातला मोठा सोहळा असून तो बहुधा कुलदैवताच्या देवळात, जावळ काढण्याच्या विधीला जोडून होतो. मूल ‘ताय् मामन’ म्हणजे आईच्या भावाच्या मांडीवर बसते, सोनार म्हणजे ‘आसारी’ सोन्याची अणकुचीदार तार पाळीतून नेतो आणि तिथेच तिची टोके वळवतो, आणि भाचराचे रडणे थांबेपर्यंत मामाने त्याला धरून ठेवायचे असते. मामाने आणलेल्या आहेराची ताटे मांडवात मिरवली जातात आणि त्यांवरून बहिणीच्या माहेरचे वजन जोखले जाते. महाराष्ट्रातही जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि कान सोनारच टोचतो. म्हणूनच एखाद्याला योग्य माणसाकडून योग्य समज मिळाली की मराठीत ‘सोनारानेच कान टोचले’ असे म्हटले जाते. त्या म्हणीत टोचणाऱ्याच्या अधिकाराचा विचार आधीच आलेला आहे. सोन्याच्या निमित्ताने आणखी एक मराठी धागाही येथे सांगण्याजोगा आहे: सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या परिसरातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी दक्षिणेत पांगलेल्या कुटुंबांपैकी अनेक चेन्नईच्या सावकारपेठेतील सराफी गल्ल्यांतही स्थिरावली, आणि तमिळ तान्हुल्याच्या कानातल्या तारेचे सोने एखाद्या मराठी माणसाच्या मुशीतून गेलेले असणे त्यामुळे अगदी शक्य आहे.

कान टोचण्याची सर्वांत तपशीलवार जुनी कृती सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात येते, आणि ती वाचताना लिहिणाऱ्याने रडणारी मुले पुष्कळ हाताळली असावीत अशी खात्री पटते. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात, मुलाला मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढावी, उन्हाकडे धरून जेथून प्रकाश आरपार दिसतो ती नैसर्गिक पातळ जागा शोधावी आणि उजव्या हाताने सरळ, सावकाश वेध करावा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. नंतर कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत जावे. वेधाचा हेतूही तेथे दिलेला आहे, तो रक्षण आणि भूषण असा दुहेरी. प्रकाशात पाळी पाहण्याची ही सूचना केवळ काव्यमय नाही. रक्तवाहिनी टाळून टोचण्याचा तो व्यवहारी उपाय आहे. आज अनेक दुकानांत कान टोचण्यासाठी स्प्रिंगची ‘गन’ वापरतात, तिच्यात अणकुचीदार सुईऐवजी बोथट खुंटी जोराने आत ढकलली जाते, आणि पाळीऐवजी वरच्या कूर्चेत म्हणजे कुरकुरीत हाडात ती मारली तर जंतुसंसर्ग होऊन कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. पाळी प्रकाशात धरणाऱ्या त्या जुन्या वैद्याची सावधगिरी यंत्राच्या वेगापुढे मागे पडली, हे दुर्दैव आहे.

एग्मोर येथील शासकीय संग्रहालयाच्या कांस्य दालनात चोळकालीन पार्वतीच्या मूर्तींपुढे थोडा वेळ थांबले की कानाविषयीची त्या काळाची दृष्टी डोळ्यांनी पाहता येते. मूर्तीची पाळी लांब खाली उतरलेली असते, तिच्या मधोमध रुंद पोकळी असते, आणि शिल्पकाराने त्या पोकळीची कड इतक्या काळजीने गोलावलेली असते की जणू तीच अलंकार आहे. मात्र त्याच चेहऱ्यावर नाक अगदी कोरे आढळते. आज दाक्षिणात्य स्त्रीच्या सौंदर्याची कल्पनाही मूक्कुत्तिशिवाय करता येत नाही, एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९१६–२००४) यांची मुद्रा आठवताना दोन्ही नाकपुड्यांवरचे हिरे आधी डोळ्यांपुढे येतात, आणि तरी प्राचीन शिल्पांत व जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकाचा दागिना सापडत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा जो कसून शोध घेतला, त्यातून हा अलंकार भारतात पुष्कळ उशिरा, स्थूलमानाने गेल्या हजार वर्षांत रुळला असे दिसून येते. एके काळी नवे असलेले भोक पुढे कुळाचार होते आणि त्याच कुळाचाराच्या नावाने भुवईतल्या किंवा ओठातल्या नव्या भोकाला नावे ठेवली जातात, ही गोष्ट नथ घालणाऱ्या मराठी घरांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

मूर्तीवरची ती लांब पाळी दक्षिण तमिळनाडूत विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. मदुरै, रामनाथपुरम, तिरुनेलवेली या भागांतील स्त्रिया ‘तंडट्टि’ आणि ‘पांपडम’ नावाची जड, भौमितिक आकाराची सोन्याची कर्णभूषणे घालत आणि त्यासाठी मुलीची पाळी लहानपणापासून वाढवीत. आधी कापूस, मग गुंडाळलेले ताडपत्र, मग शिशाच्या कड्या असा तो क्रम असे. ताडपत्राची गुंडाळी स्प्रिंगप्रमाणे स्वतःच उलगडू पाहते आणि कोणी हात न लावता भोक हळूहळू रुंदावत नेते. सुश्रुताच्या जाड होत जाणाऱ्या वातीचेच हे भावंड. कालांतराने मुली शाळेत गेल्या, शहरात आल्या, आणि खांद्यापर्यंत लोंबणारी पाळी खेडवळपणाची खूण ठरली. दागिने मोडून छोटी कुडी केली गेली आणि लोंबती पाळी शिवून घेण्यासाठी स्त्रिया शल्यविशारदांकडे जाऊ लागल्या. ज्या खुणेसाठी आईने वर्षानुवर्षे कष्ट घेतले, ती मुलीने लाजून पुसून टाकावी, यात दोघींपैकी कोणाचीच चूक दाखवता येत नाही. पण त्या पाळीचा निर्णय मुलीने प्रथमच स्वतः घेतला होता, एवढे नोंदवलेच पाहिजे. आणि आता याच शहरातील काही तरुण स्टुडिओत जाऊन पाळीत क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या कड्या घालून घेतात. ते त्याला परदेशी फॅशन समजतात. पणजीच्या कानाचे छायाचित्र त्यांना कोणीतरी दाखवायला हवे.

फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार सुश्रुताने त्याच सोळाव्या अध्यायात सांगितले आहेत आणि त्यांच्या शेजारीच कापलेले नाक पुन्हा घडवण्याची कृती दिली आहे. या शेजारातून एक कठोर सत्य पुढे येते: अलंकारासाठी टोचलेले शरीर आणि शिक्षेसाठी कापलेले शरीर एकाच वैद्यापुढे येत असे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकीकत चित्रासह छापली. इंग्रज फौजेबरोबर असताना तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याकडच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. युरोपातल्या शल्यविशारदांनी त्या हकिकतीवरून ही शस्त्रक्रिया उचलली, हे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. नाक कापणारा हातही याच भूमीवरचा होता, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

पच्चै म्हणजे हिरवा रंग, आणि गोंदण हिरवेच का दिसते याचे उत्तर कातडीच्या रचनेत आहे. टोचली जाते ती काजळी, म्हणजे काळा कर्ब. परंतु तो कातडीच्या वरच्या थराखाली, दुसऱ्या थरात बसतो, आणि वरच्या थरातून जाताना प्रकाशाचे जे विकिरण होते त्यामुळे खोलवरचा काळा बाहेरून निळसर-हिरवा दिसतो. आजीच्या हातावरचे गोंदण हिरवे होते ते याच कारणाने, मग ती आजी तंजावरची असो की पंढरपूरची. मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या नोंदींत काजळी करण्याची रीत येते: हळद आणि अगत्तीची, म्हणजे आपल्याकडील हादग्याची, पाने पातळ कापडावर चोळायची, कापडाची वात करून तेलाच्या दिव्यात लावायची, वर नवे मडके पालथे धरायचे आणि आत जमलेली काजळी खरवडून ती पाण्यात किंवा बाळंतिणीच्या दुधात कालवायची. एका सुईऐवजी दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्या टोचल्या जात आणि वरून हळद लावली जाई. नक्ष्यांत विंचू, मासा, मोर असत आणि अंगणातल्या कोलम रांगोळीसारखी, कोठेही न तुटता स्वतःभोवती वेटोळे घेत जाणारी रेषाही असे. त्या भुलभुलैयात दुष्ट शक्ती अडकून पडते अशी समजूत होती. मेल्यावर अंगावरचे सगळे दागिने उतरवून घेतात, बरोबर येते ते एकटे गोंदण, ही समजूत तर कावेरीकाठीही आढळते आणि चंद्रभागेकाठीही.

हे काम करणारी बाई कुरवर समाजातली, ‘कुरत्ति’. टोपली डोक्यावर घेऊन ती दारोदार फिरे, हात पाहून भविष्य सांगे, सूर लावून गाता गाता गोंदे, आणि वेदनेने कळवळणाऱ्या मुलीचे लक्ष त्या गाण्यात गुंतवून ठेवी; आपल्याकडच्या गोंदणारणीची हीच रीत होती. ज्या घरांत तिला उंबऱ्याच्या आत घेतले जात नसे, त्या घरांतल्या लेकीसुनांच्या अंगावर जन्मभर टिकणारी खूण तिच्याच हातची असे. थर्स्टन यांचा ‘कास्ट्स अँड ट्राइब्स ऑफ सदर्न इंडिया’ हा सात खंडांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा मद्रास इलाख्याला लागू झाला. कुरवरांचे अनेक गट त्याखाली आले. माणसांची नावे पोलिसांच्या वहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले, गाव सोडण्यासाठी परवानगी लागू लागली. इतरांच्या हातावर मोर काढणाऱ्या बाईच्या कपाळी सरकारने गुन्हेगार हा शब्द लिहिला. गावोगावची फिरस्ती अडली तसा हा व्यवसाय ओसरत गेला. आज शहरात कोठेतरी देवळाच्या जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर पन्नास-शंभर रुपयांत नाव गोंदून देणारी माणसे बसतात, त्यांच्याजवळ बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र असते, आणि त्याची तीच सुई निर्जंतुक न करता एकामागून एक हातांवर फिरते, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

सरकारने कपाळी लिहिणे हा वरच्या वाक्यात केवळ अलंकार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा व शिक्षेचा तपशील खरोखरच गोंदला जात असे. बंगालमध्ये १७९७ च्या, तर मद्रास इलाख्यात १८०२ च्या विनियमाने ही शिक्षा आली आणि १८४९ च्या कायद्याने ती संपली. मुंबई इलाख्याने ती स्वीकारली नव्हती. या शिक्षेचे नाव होते ‘गोदना’. मराठी गोंदणाचेच ते सख्खे नाव. समुद्रापलीकडच्या वसाहतींत पाठवलेले कैदी कपाळावर फेटा खाली ओढून घेत, केस वाढवून अक्षरे झाकू पाहत. सुई तीच, काजळी तीच, खोलीही तीच. पण कुरत्तिने हातावर काढलेल्या मोराला आणि तुरुंगाच्या नोकराने कपाळावर काढलेल्या अक्षरांना एकाच मापाने मोजणे कोणालाही शक्य नाही. येथे या लेखाचा मूळ प्रश्न सर्वांत नागडा होऊन समोर उभा राहतो.

देवाच्या नावाने होणारी खूण अधिक नाजूक विचार मागते, आणि चेन्नईत तिच्याशी मराठी माणसांचा थेट संबंध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांबरोबर आणि नंतर तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांत देशस्थ ब्राह्मण मोठ्या संख्येने होते व त्यांत माध्व संप्रदायाची घरे पुष्कळ होती. १८५५ मध्ये तेथील दुसरे शिवाजी राजे निधन पावले, गादीला पुत्र नसल्याने राज्य खालसा झाले, आणि पुढच्या पिढ्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी मद्रासकडे सरकल्या; त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी १९१२ मध्ये तेथे मराठा एज्युकेशन फंड स्थापन झाला. ही कुटुंबे आजही घरात एक जुन्या वळणाची, तमिळ शब्द मुरलेली मराठी बोलतात. ज्या आषाढी एकादशीला पंढरपुरात वारी पोचते, त्याच दिवशी तिरुवल्लिक्केणी आणि टी. नगरमधील माध्व मठांत तप्तमुद्राधारणेसाठी माणसांच्या रांगा लागतात. सुदर्शन होमाच्या अग्नीत शंख आणि चक्र यांचे धातूचे ठसे तापवले जातात, आणि स्वामी किंवा त्यांनी नेमलेले आचार्य प्रत्येकाच्या उघड्या दंडांवर ते क्षणभर टेकवतात, चक्र उजवीकडे, शंख डावीकडे. कातडीवर लालसर वळ उमटतो, कधी बारीक फोड येतो, आणि काही आठवड्यांत तो बहुतेक मावळतो. म्हणूनच पुढच्या वर्षी माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो.

याच तिरुवल्लिक्केणीत पार्थसारथी पेरुमाळच्या देवळाभोवती राहणाऱ्या श्रीवैष्णवांचीही मुद्रा शंखचक्राचीच. पण ती समाश्रयण नावाच्या दीक्षेत, गुरूच्या हातून, आयुष्यात एकदाच होते. एकाच ठशाचे हे दोन अर्थ फार लक्षणीय आहेत. श्रीवैष्णवांकडे ती स्वतःला देवाच्या हवाली केल्याची नोंद आहे, जी एकदा झाली की झाली; माध्वांकडे ते दरवर्षी नव्याने केलेले वचन आहे. वचन नव्याने देता येते याचा अर्थ एखाद्या वर्षी न देण्याची मोकळीकही त्यात असते, आणि म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने माध्वांची रीत अधिक मोकळी वाटते. मात्र या रांगेत आईच्या कडेवरची मुलेही असतात, आणि त्यांच्यासाठी ठसा जरा कमी तापवला जातो, याने प्रश्न सौम्य होतो, सुटत नाही. मुरुगनाच्या भक्तांचे अलगु टोचणे दिसायला अधिक भयंकर असते. वडपळणीच्या देवळाकडे आडी कृत्तिकेला किंवा तैप्पूसमला निघालेल्या मिरवणुकीत गालांतून गेलेले चांदीचे वेल, म्हणजे मुरुगनाचे भाले, पाहून नवखा माणूस नजर वळवतो. परंतु तो भक्त सामान्यतः प्रौढ असतो, त्याने कित्येक दिवस व्रत पाळलेले असते, नवस त्याचा स्वतःचा असतो, आणि विभूती लावून काढून घेतलेल्या भाल्याची जखम थोड्याच दिवसांत भरून येते.

देवाची जागा नेत्याने घेतली तेव्हा मात्र सुईचा स्वभाव बदलला. १९७२ मध्ये अण्णा द्रमुक पक्ष स्थापन केल्यावर त्याच दशकात एम. जी. रामचंद्रन यांनी कार्यकर्त्यांनी पक्षाचा झेंडा हातावर गोंदून घ्यावा असा आदेश दिला, आणि पक्षातल्याच काहींनी त्याला विरोध केला. झेंडा बदलता येतो, पक्ष सोडता येतो. हात बदलता येत नाही, हेच त्या आदेशामागचे गणित होते. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये जयललिता यांच्या ६८ व्या वाढदिवसानिमित्त वेलाचेरीत कार्यकर्त्यांना सामुदायिकपणे त्यांचे चित्र गोंदण्याचा कार्यक्रम झाला, आणि हातावर सुई चालू असताना रडणाऱ्या एका लहान मुलीचे चित्रण सर्वत्र पसरून त्यावर संताप व्यक्त झाला. तो संताप रास्त होता. ती मुलगी मत देण्याच्या वयाची नव्हती, पण तिच्या हातावर मत कोरले जात होते. मनगटावर तमिळ लिपीत ‘अम्मा’ असे गोंदलेले हात चेन्नईत असंख्य दिसतात आणि ती अम्मा जन्मदात्री की ‘पुरट्चि तलैवी’ म्हणवल्या जाणाऱ्या जयललिता, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. स्वतःच्या इच्छेने लिहून घेतलेला तो शब्द दोन्ही अर्थांनी तितकाच आदराचा आहे.

स्टुडिओतल्या टॅटूकडे आता या सगळ्याच्या संगतीत पाहता येते. तेथील यंत्राचे मूळ अमेरिकेत सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ मध्ये घेतलेल्या पेटंटात आहे, आणि ते एडिसनच्या विजेवर चालणाऱ्या लेखणीवरून सुचलेले होते. सुया मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा खालीवर होतात आणि रंग साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल सोडतात. तो रंग तेथे का टिकतो, याचे उत्तर अलीकडे मिळाले: शरीरातल्या भक्षक पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात पण पचवू शकत नाहीत, त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात, आणि जवळच्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात, फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिले. म्हणजे गोंदण ही मेलेली शाई नसून शरीराची आयुष्यभर चालू राहणारी राखण आहे. शाईत काय असते हा प्रश्न त्यामुळेच गंभीर होतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आणि वर्षभराने एका निळ्या व एका हिरव्या रंगद्रव्यावरही. भारतात टॅटूच्या दुकानासाठी वेगळा केंद्रीय कायदाच नाही. टोचून घेतलेल्या माणसाचे रक्त येथील रक्तपेढ्या एक वर्ष घेत नाहीत, एवढीच काय ती सावधगिरी पाळली जाते. नवीन सुई पाकिटातून आपल्यासमोर काढली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी अशा वेळी एकट्या गिऱ्हाइकावर पडते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाकडून एवढ्या दक्षतेची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

खूण करताना विचार होतो, पण ती कोण वाचणार याचा विचार होत नाही. परंगिमलैच्या, म्हणजे सेंट थॉमस माउंटच्या, पायथ्याशी असलेल्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला लष्कराचा नियम कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो: कायमचे गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे, आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. मग लेझरची वाट धरावी लागते. काळा रंग लेझरने फुटून विरतो, त्यालाही आठवडेच्या आठवडे अंतर ठेवून अनेक बैठका लागतात, आणि हिरवा रंग काढणे तर फार कठीण. आदिवासी मुलाच्या गोंदणाला परंपरा म्हणून मान्यता देणारा नियम शहरी मुलाच्या दंडावरच्या आईच्या नावाला शिस्तभंग समजतो, याचा फेरविचार व्हायला हवा.

डिसेंबर २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीत टॅटूचे दुकान चालवणाऱ्या दोघांना अटक झाली. कोणतीही वैद्यकीय पात्रता नसताना त्यांनी लोकांच्या जिभा मधोमध चिरून सापासारख्या दुभागल्या होत्या. महापालिकेने दुकानाला टाळे ठोकले. गिऱ्हाइकांनी हे राजीखुशीने करून घेतले होते. म्हणजे केवळ विचारले होते आणि होकार मिळाला होता, एवढ्याने प्रश्न पुरता मिटत नाही. टोचणारा हात शिकलेला असावा लागतो, हा ‘सोनारानेच कान टोचले’ या म्हणीतल्या सोनाराचा दुसरा अर्थ येथे उपयोगी पडतो. तमिळनाडूतील तृतीयपंथी स्त्रियांनी हे फार किंमत देऊन जाणले आहे. ‘निर्वाणम’ नावाने होणारे लिंगविच्छेदन पूर्वी ‘दायम्मा’ म्हणवणाऱ्या त्यांच्यातल्याच वडीलधाऱ्या बाईच्या हातून, चोरून, भुलेशिवाय होई, आणि कित्येकींचा त्यात अंत होई. २००८ मध्ये राज्याने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले, असे करणारे ते पहिले राज्य, आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत करण्याची सोय केली. तीच इच्छा, तोच देह. केवळ हात बदलला आणि मरण टळले.

याच राज्याने पुढे आणखी एक पाऊल टाकले, आणि या संपूर्ण विषयातले ते सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानले पाहिजे. काही बालके स्त्री वा पुरुष यांपैकी एका साच्यात न बसणारी शरीररचना घेऊन जन्मतात. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. अशा तान्ह्या बालकावर, आईवडिलांच्या संमतीने, त्याला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ करून टाकणाऱ्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत आल्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठात न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी २२ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या निकालात, आईवडिलांची संमती ही बालकाची संमती मानता येणार नाही, अशी भूमिका घेतली आणि अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालण्याचे निर्देश राज्याला दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये, जीव वाचवण्यासाठी आवश्यक असलेले प्रसंग वगळून, तशी बंदी आली. भारतात हे प्रथमच घडले. मूळ खटला तुत्तुकुडीतल्या एका विवाहाच्या नोंदणीचा होता, वर पुरुष आणि वधू तृतीयपंथी स्त्री. विवाह नोंदला जावा एवढेच त्यांचे मागणे होते.

कानाची पाळी आणि लिंगाची रचना यांची तुलना कोणी समंजस माणूस करणार नाही. टोचलेले भोक रिकामे ठेवले तर पुष्कळदा आकसते, आणि मामाच्या मांडीवरचा तो दिवस बहुतेकांना पुढे आनंदाचाच वाटतो. तरीही चेन्नईतल्या काही घरांत अलीकडे ‘कादु कुत्तु’ पुढे ढकलले जाते. मुलगी मोठी होऊन स्वतः मागेपर्यंत आईवडील थांबतात. मग कुलदैवताच्या देवळात मांडव पडतो, आहेराची ताटे येतात, आसारी तार काढतो, आणि दहा वर्षांची भाची मांडीवर मावत नसल्यामुळे मामाच्या शेजारी चटईवर बसते, त्याचा हात घट्ट धरते आणि सोनाराला आधी कोणता कान ते सांगते.